पुसून काढलेला समुद्र

परवा आमच्या शहरातल्या कंपू भागातल्या दवाखान्यात सोनोग्राफीला गेले. पोटावर गार जेली पडली, पडद्यावर करडे ठिपके उमटले आणि मी पंचेचाळीस वर्षं मागे, एका बेटाजवळच्या संशोधन-जहाजावर जाऊन पोचले.

तिथेही आम्ही पाण्यात आवाज सोडून पडद्यावर प्रतिध्वनी बघायचो. बेटाजवळ गार आणि कोमट पाणी भिडतं, त्या फेसाळ रेघेवर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गोळा होतात का, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न. आणि मी कोण? समुद्रापासून शेकडो कोस दूर, इथल्याच माधवगंज मोहल्ल्यातली दीडशहाणी! बाविशीपर्यंत समुद्र चित्रातच पाहिलेला, पण ऐट कप्तानाची. पडद्यावरचे धूसर ठिपके बाईसाहेबांना घाण वाटले. ओटा पुसावा तसे बटण फिरवून सगळे पुसून टाकले. रेघ ओलांडतानाची नोंद झाली ती लख्ख कोरी.

जाळं ओढणारे म्हातारे तांडेलमामा बादली घेऊन आले. आत भिजल्या साबुदाण्यासारखे जीव थरथरत होते.

"ताई, तुमच्या यंत्रात कोणीच नाही, मग हे कोण?"

"जाळं धुतलं नसेल तुम्ही!" मी फणकारले. चूक कळली होती, तरी तोंड बघा कार्टीचं! पुसलेली नोंद परत येणार नव्हती. मोसम संपला, प्रबंधाचं अख्खं वर्ष बुडालं. बरं झालं, त्याच लायकीची होते.

"दादीजी, ये धुंधला-सा कचरा साफ कर दूं?" सोनोग्राफीवाली पोरगी विचारत होती.

"खबरदार! पहले बाल्टी में झांक के देख!"

बिचारी खोलीभर बादली शोधू लागली.