शेवटची जोडी सापडेपर्यंत

आमच्या प्रयोगशाळेत टिचकीमावशींना खऱ्या नावाने हाक मारली, तर त्या स्वतःही चटकन वळून बघत नसत. वय अठ्ठावन्न, चष्मा कायम कपाळावर, आणि जीभ अशी की विभागप्रमुखसुद्धा त्यांच्या खोलीत शिरताना आधी पाय पुसत. त्यांचं काम पेशी वाढवण्याचं. माणसाच्या पेशी चपट्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांमध्ये, तळाला चिकटून वाढतात. दोन व्हायची वेळ आली की पेशी गोल होते आणि तळावरची पकड सैल करते. नेमकं तेव्हा बाटलीला बाजूने टिचकी मारली, तर फक्त विभागणाऱ्या पेशी सुटून वर येतात, बाकीच्या जागच्या हलत नाहीत. जोरात बसली तर सगळ्याच सुटतात, हळू बसली तर एकही नाही. मावशींची टिचकी एकोणीस वर्षांत चुकलेली मला आठवत नाही. माझी दहापैकी चार वेळा चुकते, आणि शास्त्रज्ञ म्हणून दारावर पाटी माझी आहे.

मी अकरा वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागले होते. पेशी दोन होण्याआधी आपल्या सेहेचाळीस गुणसूत्रांची एकेक नक्कल करते. मूळ आणि नक्कल, अशा सेहेचाळीस जोड्या एकमेकींना बिलगून मधोमध रांगेत उभ्या राहतात. दोन्ही टोकांकडून बारीक दोर येतात, प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी धरतात, आणि मग सगळ्या जोड्या एकदम सुटतात. हे मी हजारदा पाहिलं असेल आणि हजारदा अंगावर काटा आला असेल. सुटायचा इशारा कोण देतं, हा माझा प्रश्न. माझं उत्तर होतं, एका प्रथिनावरची खूण. प्रथिन तयार झाल्यावरही पेशी त्याला फॉस्फेटचा एक चिमुकला तुकडा चिकटवते आणि हवा तेव्हा काढून घेते. प्रथिन तेच, पण तुकडा असला तर त्याचं वागणं एक, नसला तर दुसरंच. आमच्या प्रथिनावरून तो तुकडा निघाला की जोड्या सुटतात, असं मी छापून मोकळी झाले होते.

मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. तुमचा प्रयोग आम्ही सहा वेळा केला, खूण निघतच नाही. माझं डोकं फिरलं. "यांना धड टिचकी मारता येत नसणार, नाहीतर सरळ खोटं बोलतायत," असं मी भर बैठकीत म्हणाले. विभागप्रमुख कागद बाजूला ठेवत म्हणाले, "मग तू स्वतः करून दाखव. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही, तर शोधनिबंध मागे घ्यायचा."

मी माझ्या हातांनी प्रयोग केला. तीनदा केला. तिन्ही वेळा खूण जागच्या जागी, एखाद्या हट्टी पाहुण्यासारखी.

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते आज लिहितानाही शरम वाटते. आजवरचे सगळे नमुने मावशींच्या हातून आले होते. मी त्यांच्या खोलीत गेले आणि विचारलं, "मावशी, इतकी वर्षं मला हवं तेच तुम्ही दाखवत होता का?"

मावशींनी हातातली बाटली उबदार कपाटात ठेवली, दार लावलं, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "मॅडम, उद्या सकाळी नऊला या. माझ्या मागे बसा. मी काय काय करते ते लिहून घ्या. मग बोला."

एरवी त्या मला 'अगं' म्हणायच्या. घरी नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "आधी माफी मागणार की आधी जेवणार?" मी दोन्ही केलं नाही.

सकाळी मी वही घेऊन फौजदारासारखी त्यांच्या मागे बसले. त्यांनी टिचकी मारली. सुटलेल्या पेशी छोट्या नळीत घेतल्या. आता त्या खारट पाण्याने धुवायच्या, मग ताज्या अन्नरसात सोडायच्या आणि वीस मिनिटांपर्यंत दर पाच मिनिटांनी थोड्या काढून खूण तपासायची. त्यांनी फ्रिजमधून खारट पाण्याची बाटली काढली आणि मी पेन खाली ठेवलं, कारण पुढचं मला पाठ होतं. पण बाटली पेशींकडे गेलीच नाही. ती गेली गरम पाण्याच्या टाकीत. मावशींनी तिच्यात थर्मामीटर सोडला आणि काटेकोर सदतीस अंश होईपर्यंत ढवळत उभ्या राहिल्या. बारा मिनिटं.

"हे काय?" मी विचारलं.

"गार कसं घालायचं? मी इथे यायच्या आधी अकरा वर्षं फोटो स्टुडिओत फिल्म धुतल्या. द्रव दोन अंशांनी गार असला तरी अख्खा रोल वाया. ती सवय काही गेली नाही."

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

"पद्धत तुम्ही लिहिता, मॅडम. मला कोण विचारतं?"

मी लिहिलेल्या पद्धतीत फक्त 'धुवून घ्या' एवढंच होतं. आणि आमच्या धंद्यात धुवायचं म्हणजे गारच. प्रथिनं उबेत नासतात, म्हणून पहिल्या दिवसापासून आम्ही शिकतो, सगळं बर्फावर ठेवा. त्या सहाही वेळा त्यांनी गार पाणी वापरलं असणार. मीही तिन्ही वेळा तेच केलं होतं, अगदी अभिमानाने.

त्या दिवशी मावशींच्या नमुन्यात पंधराव्या मिनिटाला खूण निघाली. माझा शोधनिबंध बचावला होता. मी आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. गार पाण्याने पेशी मेल्या नव्हत्या. मग त्या करत काय होत्या?

दुपारी मी काही पेशी मुद्दाम गार पाण्याने धुतल्या आणि अंधाऱ्या खोलीतल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली, उबदार चकतीवर ठेवल्या. गुणसूत्रं निळी चमकत होती. खूण असेपर्यंत हिरवा उजेड दिसेल आणि ती गेली की विझेल, अशी सोय केली होती. मावशींना बोलावलं. "माझं काय काम तिथे?" म्हणत आल्या, पण आल्या.

पडद्यावर एक पेशी होती. गारव्याने तिचे दोर विरघळले होते, आता ते पुन्हा वाढत होते आणि चाचपडत जोड्या शोधत होते. एकेक जोडी सापडत गेली, रांगेत येऊन उभी राहिली. पंचेचाळीस झाल्या. एक मात्र कडेला पडली होती, तिच्यापर्यंत दोर पोचत नव्हता. आणि त्या एकीसाठी बाकीच्या पंचेचाळीस थांबल्या होत्या. हिरवा उजेड जसाच्या तसा. वीस मिनिटं गेली. पंचवीस. मला कळलं की त्या लोकांचा प्रयोग फसलाच नव्हता. पेशी खूण काढत नव्हती, कारण तिचं एक माणूस अजून यायचं होतं. अकरा वर्षं माझ्या सगळ्या पेशी इतक्या सुखात होत्या की त्या थांबू शकतात हे मला कधी दिसलंच नाही. हे कुणी शिकवलं असेल त्यांना? ना डोळे, ना मेंदू, एका केसाच्या जाडीत चार-पाच मावतील एवढ्या त्या.

एकतिसाव्या मिनिटाला दोर त्या जोडीला लागला. ती अडखळत, डुलत रांगेकडे निघाली.

"मावशी," मी म्हणाले, "मी काल जे बोलले ते फार वाईट बोलले. तुमच्यावर संशय घेतला. त्या लोकांना खोटारडे म्हणाले. मी..."

हिरवा उजेड विझला. मावशींनी अंधारात माझं मनगट घट्ट धरलं.

"अगं, गप्प बस. सुटतायत."