दादांच्या सायकलची मागची सीट

चार वर्षं रोज सकाळी पावणेनऊला आमच्या इमारतीतून एक माणूस रिकाम्या सीटला रस्त्यातले खड्डे सांगत बाहेर पडायचा. नवे भाडेकरू पहिल्या दिवशी दचकत, दुसऱ्या दिवशी चौकशी करत आणि तिसऱ्या दिवसापासून त्या आवाजावर घड्याळ लावत.

आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. पाठीमागे खड्डेदादा. वाचनालयाच्या तळघरात बसून फाटकी पुस्तकं शिवायची, हे त्यांचं काम. बोटांना कायम खळीचा वास. एखादं पुस्तक पंधरा माणसांनी दुमडून, चहा सांडून, उशीखाली घेऊन दादांपाशी यायचं आणि दादा त्याच्याकडे असं बघायचे, जसं काही ते पोर मारामारी करून घरी आलंय.

सायकल मात्र वेगळीच. एकापाठी एक दोन सीटा, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या. जोडसायकल. पुढच्याच्या हातात दिशा आणि ब्रेक. मागच्याचं हँडल नुसतं धरायला. आमच्या घरात मला जे स्थान आहे, तेच. त्या मागच्या सीटवर बावीस वर्षं दादांचा धाकटा भाऊ बसत होता. तो पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला, वाचनालयाच्या समोरच्याच गल्लीत. दोघं भाऊ एका घरात राहायचे, एका सायकलवरून जायचे आणि संध्याकाळी तसेच भांडत परत यायचे.

जोडसायकलचा एक कायदा असतो. मागच्याला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. म्हणून पुढच्याने ओरडायचं, "खड्डा!" मागच्याने बूड अर्धी वीत उचलायचं आणि म्हणायचं, "दिसला!" दिसत काहीच नसतं. तरी म्हणायचं. त्याशिवाय पुढच्याला कसं कळणार, की मागचा जागा आहे?

मग धाकटा प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला घर घेतलं, गाडी घेतली. पहिल्याच दिवशी मोठ्या हौसेने दादांना शेजारी बसवून निघाला. दुसऱ्या चौकात दादा सवयीने ओरडले, "खड्डा!" आणि धाकट्याने, तोही सवयीनेच, दोन्ही पाय रोवून बूड उचललं. एक पाय नको त्या पायडलवर होता. गाडी दुभाजकावर चढली, दोघांची डोकी छताला आपटली. कुणाला फार लागलं नाही. पण धाकटा चारचौघांत म्हणाला, "दादा, तू गाडीत ओरडत जाऊ नकोस."

बास. एवढंच. दादा पुन्हा त्या गाडीत बसले नाहीत, आणि धाकट्याने पुन्हा बस म्हटलं नाही.

त्यानंतर मागची सीट रिकामी राहिली, पण धूळ कधी दिसली नाही. दर रविवारी दादा तिला तेल देत, फडकं मारत. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांना तोंडपाठ. नगरपालिकेने गल्लीच्या कोपऱ्यावरचा खड्डा बुजवला, तेव्हा ते दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते.

यंदा मात्र सेक्रेटरींनी सभा बोलावली. विषय एकच : गाड्या लावायला जागा पुरत नाही आणि जोडसायकल निम्म्या गाडीची जागा अडवते.

"वाहन दोघांचं, माणूस एक," सेक्रेटरी म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत मागच्या सीटवर रोजचा माणूस दाखवा, नाहीतर जागा मोकळी करा."

दादा उठून उभे राहिले. "साहेब, इथे बारा गाड्या उभ्या असतात. पाच-पाच सीटांच्या. सकाळी त्यांतून किती माणसं जातात?"

आम्ही बारा जण आपापल्या चपला न्याहाळू लागलो.

"तो विषय आजच्या सभेत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दादा दारोदार फिरू लागले. "त्याच रस्त्याने जाता ना? मग बसा की मागे." वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांना घाम येतो. समोरच्या बाईंची साडी अडकते. खालचे वकील म्हणाले, अशील काय म्हणतील? दादा माझ्याकडे आले, तेव्हा मी सबब शोधतच होतो, पण आमच्या घरातून आवाज आला, "नेऊन बघा हो दादा त्यांना. गाडीत बसून बसून पोटाला गाडीचाच आकार आलाय."

मी तीन दिवस गेलो.

पहिल्या चढाला दादा मागे न बघता म्हणाले, "तुम्ही पाय नुसते ठेवलेत. लावा."

"लावलेत की!"

"मला पायडलात कळतं."

लाज वाटून लावले. खोटं कशाला बोलू, मजा आली. ज्या रस्त्याने मी अकरा वर्षं गाडी हाकली, त्यावर घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे, हे मला तेव्हा कळलं. बेकरीपाशी पावाचा वास येतो, हेही. ऑफिसला मी सहा मिनिटं आधी पोचलो. शिपायाने घड्याळ कानाला लावून पाहिलं.

पण एक गोष्ट मला जमेना. दादा ओरडले, "खड्डा!" की माझ्या तोंडून निघायचं, "कुठे?"

"'कुठे' नाही म्हणायचं," तिसऱ्या दिवशी दादा हळूच म्हणाले. "'दिसला' म्हणायचं."

"अहो, पण मला दिसत नाही ना!"

"त्यालाही दिसायचा नाही."

पुढे वाचनालयापर्यंत दादांनी खड्डेसुद्धा सांगितले नाहीत; माझ्या कंबरेने ते स्वतः मोजले. चौथ्या दिवशी मी गाडीची किल्ली उचलली आणि जिन्यात दादांची नजर चुकवली. कंबर हे निमित्त होतं. मला त्या सीटवर दुसऱ्याच कुणाच्या तरी जागी बसल्यासारखं व्हायचं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दादांनी भावाला फोन केला. "सायकल घेऊन जा. तुझ्या अंगणात राहील. इथे जागा नाही."

धाकटा गाडी घेऊन आला. पन्नाशी उलटलेला, केस रंगवलेले, पोट सुटलेलं. पण दादा त्याला बाळ्याच म्हणतात. दोघांनी मिळून सायकल गाडीच्या मागच्या दारातून आत घातली, तर पुढचं चाक सेक्रेटरींच्या पोटाला लागलं. उलटी घातली, तर हँडल खिडकीतून बाहेर. टपावर ठेवली, तर बांधायला दोरी नाही. अर्धा तास सगळी इमारत सूचना देत होती.

"चालवत नेऊ," दादा शेवटी म्हणाले.

"मी? आता? दादा, दहा किलोमीटर आहे. शेवटी चढ!"

"मग मी एकटा नेतो."

धाकट्याने गुपचूप पॅन्ट मोज्यात खोचली. गाडी जोडसायकलच्या जागेवर लावली. सेक्रेटरी खूश : "बघा, जागा कशी सत्कारणी लागली!"

दोघं निघाले. फाटकाजवळच्या खड्ड्याशी दादा ओरडले, "खड्डा!" आम्ही सगळे कान टवकारून उभे. धाकट्याच्या तोंडून शब्द नाही. पण बूड मात्र बरोबर अर्धी वीत उचललं गेलं.

संध्याकाळी दादा बसने परत आले. जिन्यात मी विचारलं, "पोचली?" ते म्हणाले, "पोचली," आणि दार लोटून घेतलं.

सोमवारी पावणेनऊला दादा फाटकाशी बससाठी निघालेले. हातात डबा. त्या जागेकडे त्यांनी पाहिलं, तिथे धाकट्याची गाडी उभी. एवढ्यात रस्त्यावरून आवाज आला, "खड्डा!"

धाकटा. जोडसायकलच्या पुढच्या सीटवर, घामाने निथळत, एकटाच. रिकाम्या मागच्या सीटला सांगत होता.

"गाडी न्यायला आलोय," तो धापा टाकत म्हणाला.

"ने की."

दोघं जागचे हलले नाहीत. धाकट्याने कपाळ पुसलं.

"एवढं ओरडायला लागतं?" तो म्हणाला. "घसा बसला माझा. आणि मागून कुणी काही बोलत नाही, दादा. कसंतरीच होतं रे."

दादांनी डबा हँडलला अडकवला.

"तुझं ऑफिस साडेनऊला ना?" धाकट्याने विचारलं. "बस मागे."

सव्वीस वर्षांत दादा त्या सीटवर कधी बसले नव्हते. एक पाय टाकला, चाचपडले, बसले. समोर फक्त भावाची ओली पाठ.

"अहो, ही गाडी कधी हलवणार?" सेक्रेटरी गॅलरीतून ओरडले.

सायकल गल्लीच्या कोपऱ्याशी पोचली, तसा धाकट्याचा आवाज आला, "खड्डा!"

त्या कोपऱ्यावर आता खड्डा नाही. तो बुजवलाय, आणि हे दादांइतकं कुणालाच ठाऊक नाही.

दादांनी बूड अर्धी वीत उचललं.

"दिसला!"