खंडेनवमीचा न उडालेला बार

घटनेचे ठिकाण : करकंब शिवारातील बहिणीचे शेत. दिवस : गेल्या वर्षीची खंडेनवमी. हजर साक्षीदार : माझी बहीण, तिचे यजमान व प्रस्तुत लेखक. नावे कुटुंबाच्या इभ्रतीखातर वगळली आहेत.

मी सोलापुरात कचेरीसमोर बसून अर्ज लिहितो. शिक्षण आठवीपर्यंत; तरी बंदुकीच्या परवान्याचे नूतनीकरण करणारे मलाच शोधत येतात. त्यांपैकी एका निवृत्त सुभेदाराने मला बजावले होते की, बार न उडालेली बंदूक भरलेलीच समजावी.

दाजींची बंदूक उसातील रानडुकरांसाठी, रीतसर परवान्याची. त्या सकाळी शेतातल्या देवीपुढे तिला तेल पाजून, काडतूस भरून, हळदीकुंकू वाहून पूजा झाली. मग घरच्या रिवाजाप्रमाणे मोकळ्या बांधाच्या मातीत एक बार काढण्यासाठी दाजींनी घोडा ओढला. नुसता खट्ट आवाज झाला. काय अडकले ते पाहण्यासाठी दाजी नळीचे तोंड स्वतःकडे वळवू लागले.

"दाजी, तोंड बांधाकडंच ठेवा. बोट काढा घोड्यावरनं."

"पाव्हणं, ही बंदूक हाय, अर्ज न्हवं," ते म्हणाले. पण हात थांबला.

दारू आत धुमसत असेल तर बार उशिरानेही उडतो, हे मी समजावले. बहिणीला सांगितले की देवीची आरती सावकाश, पुरती म्हण. ती संपेपर्यंत कोणी हलायचे नाही. ती म्हणू लागली, पण नजर देवीकडे नव्हती, नवऱ्याच्या कपाळावर होती. दाजींचे दंड भरून आले, तरी नळी हलली नाही.

आरतीनंतर आणखी थोडे थांबून, तोंड बांधाकडेच ठेवून, त्यांनी बंदूक मागून उघडली. काडतूस निमूट बाहेर आले. बहीण मटकन खाली बसली आणि चहा टाकते म्हणाली, पण बराच वेळ उठली नाही. मलाही इतके हलके वाटले की मी उगाच हसत राहिलो.

काडतूस परवानाधारक दुकानदाराकडे जमा केले. तेलात कालवले गेलेले कुंकू आत जाऊन काडतुसावर आपटणारी टोचणी चिकटली होती, असे बंदूक दुरुस्त करणाऱ्याने सांगितले.

काही घडले नाही म्हणून सहसा कोणी अर्ज करीत नाही. मी करीत आहे, कारण यंदाही बार काढायचा दाजींचा मनोदय ऐकतो. सबब दाजींनाच नम्र विनंती की, पूजा रिकाम्या बंदुकीची करावी, कुंकू फक्त लाकडी दस्त्याला लावावे व बार कायमचा बंद करावा. होकार खंडेनवमीपूर्वी लेखी कळवावा. तोंडी 'बघू की' ग्राह्य धरले जाणार नाही.