पिंपळपानाचा काठ

यशोधराच्या पर्समध्ये नोटांपेक्षा चिंध्या जास्त असत. कुणाच्या ब्लाउजपीसचा कोपरा, कुणाच्या सुटकेसचं तुटलेलं कुलूप, कुणाच्या कुकरची सैल झालेली शिटी. अंबरनाथ पूर्वेच्या तिच्या बिल्डिंगमध्ये, विहारातल्या बायकांमध्ये, सासरच्या सगळ्या गोतावळ्यात एकच वाक्य ऐकू येई, "यशोधराला विचार, ती सांगेल कुठं मिळतं ते." ती नुसतं सांगून थांबत नसे. रिक्षा पकडून उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जाई. तिथले सिंधी दुकानदार तिला लांबून बघूनच हसत. "आओ दीदी, आज किसका सँपल लाया?" ती चिंधी काउंटरवर ठेवी. दुकानदार वरच्या फळीवरून गठ्ठा काढी आणि तो उलगडायच्या आत ती मानेनं नाही म्हणे. पुढचं दुकान, त्याच्या पुढचं. संध्याकाळी परत येई तेव्हा वस्तू हातात असे, आणि चेहऱ्यावर असा थकवा असे की बघणाऱ्याला तो दिसलाच पाहिजे.

नवरा राजरत्न एमआयडीसीत सुपरवायझर, मुलगा पुण्यात नोकरीला, सासू जनाबाई घरात. यशोधराचं शिक्षण बारावीवर थांबलेलं, नोकरी कधी केलेली नाही. पण घरात कुणाचं लग्न ठरलं की पहिला फोन तिला येई. हा तिचा हुद्दा होता. तो कुणी दिलेला नव्हता, त्यामुळे कुणी काढून घेईल असंही तिला कधी वाटलं नव्हतं.

काढून घेतला तो धाकट्या जावेनं, आणि तोसुद्धा मिक्सरच्या झाकणावरून.

मनाली म्हणजे दीर सम्यकची बायको. ठाण्याला ऑफिसात जाणारी, बोलण्यात गोड, कामाला चटपटीत. यशोधराला तिच्यात दोष सापडत नसे, आणि हाच तिचा सगळ्यात मोठा दोष होता. एका रविवारी ती आली तर मिक्सरच्या भांड्यावर ताटली दाबून धरून चटणी वाटणं चाललेलं.

"ताई, झाकण कुठं गेलं?"

"फुटलं. जुन्या कंपनीचं आहे, मिळत नाही लवकर. मी बघतेय. कॅम्प टूला एक जण मागवून देणार आहे."

मनालीनं पर्समधून मोबाइल काढला, भांड्यावर धरला आणि फोटो घेतला. पडद्यावर झाकणंच झाकणं आली. तिनं एकावर बोट टेकवलं. त्याच आठवड्यात झाकण दारात हजर.

जनाबाई खूश. "बघ, पोरीनं बसल्या जागी आणलं. तू उगाच उन्हातान्हात चपला झिजवतेस."

"बसतंय का नीट, ते तर बघा आधी," यशोधरा म्हणाली.

झाकण बसलं. बसू नये अशी तिनं मनातल्या मनात केवढी इच्छा केली होती! त्या दिवसापासून चटणीचा प्रत्येक घाणा त्या झाकणाखाली फिरू लागला आणि प्रत्येक वेळी जनाबाईंना मनालीची आठवण येऊ लागली.

मग चिंध्या कमी झाल्या. नणंद म्हणू लागली, "वहिनी, तुम्हाला त्रास नको, मी मनालीला फोटो पाठवलाय." शेजारीण म्हणाली, "तुमच्या जाऊबाईंचा नंबर द्या ना." नंबर देताना यशोधरानं एक आकडा चुकवला, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन दुरुस्त केला.

मनाली-सम्यकनं चिखलोलीला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. गृहप्रवेशाला भन्तेजींचा परित्राणपाठ झाला, जेवणं झाली, बायका घर बघत फिरू लागल्या. जो तो विचारी, "हे कुठून घेतलं गं?" मनाली सांगे, "फोटोवरून शोधलं." तेव्हा यशोधरा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या मनालीला काय, बोट फिरवलं की दुनिया हजर. आम्हाला आता कोण विचारतंय?"

"ताई, विचारायची गरजच कुठं राहिलीय हल्ली?" मनाली हसत म्हणाली. कदाचित सहजच म्हणाली असेल. बायकाही हसल्या. यशोधरानं सुपारी तोंडात टाकली आणि ते वाक्य जन्मभरासाठी जपून ठेवलं.

निघताना मात्र तिनं सम्यकला बाल्कनीत गाठलं. "भाऊजी, ते फोटोवालं माझ्या फोनमध्ये पण टाकून द्या. तिला सांगू नका."

सम्यकनं फोन घेतला. "वहिनी, तुमचं अकाउंट? पासवर्ड?"

"ते काय मला माहीत?"

"जाऊ दे, मनालीचंच टाकतो आत्ता. नंतर बदलू." ते नंतर कधी आलं नाही. दोघी जावांचे फोन दोन, पण आतलं खातं एकच राहिलं. याचा अर्थ काय, ते सम्यकच्या डोक्यातून गेलं आणि यशोधराच्या डोक्यात आलंच नाही.

तिला नाद लागला. चिखलोलीला जायला तिला काहीही कारण पुरू लागलं. कधी लोणचं द्यायचं, कधी डबा परत आणायचा. मनाली चहा टाकायला आत गेली की ही मोबाइल काढी. हॉलचा पडदा. चपलांचं कपाट. दोरीवर वाळत घातलेल्या ब्लाउजचा पाठीचा गळा. एकदा मनाली खाली वाकून डबा शोधत असताना तिच्या कानातलं, अर्ध्या कानासकट. घरी येऊन यशोधरा फोटो शोधायला लावी. पडद्यावर सतरा पडदे येत, पण तो नाही. कानातली शेकडो येत, पण ते नाही. तसलंच, पण ते नाही. घ्यायचं तिला काहीच नव्हतं. फक्त कळायला हवं होतं. एखाद्या दिवशी चार माणसांत म्हणता यायला हवं होतं, "हे ना? हे मी केव्हाच बघितलं होतं."

शोधायची खिडकी उघडली की खाली आधी शोधलेल्या फोटोंची रांग दिसे. तिच्यात कधी अनोळखी बूट असत, कधी केक. जाहिराती असतील असं समजून ती पुढं जाई.

अशात पायलचं लग्न ठरलं. पायल ही कुळगावला राहणाऱ्या नणंदेची मुलगी. घरातली पहिली नात, यशोधराच्या कडेवर वाढलेली. यशोधरानं मनात दुकानांची रांगसुद्धा लावून टाकली. साडी कुठल्या गल्लीत, फुलांचे हार कुणाकडं. ती फोनची वाट बघत बसली. फोन आला, पण तो असा, "वहिनी, तुम्ही फक्त वेळेवर या हं. बाकीची खरेदी मीच उरकते, आणि लग्नाची पांढरी साडी मनाली बघतेय."

"हो का? बरं झालं," यशोधरा म्हणाली आणि फोन ठेवून तांदूळ निवडायला बसली. निवडून झालेले तांदूळ तिनं पुन्हा निवडले.

"पिशवीतल्या तांदळात कसले खडे?" जनाबाई म्हणाल्या. "मनातले काढ."

त्याच आठवड्यात, दुपारी, तिनं नेहमीसारखी ती खिडकी उघडली. खालच्या रांगेत एक नवा चौकोन होता. पांढऱ्या पदराचा तुकडा, निळ्या पिंपळपानांचा बारीक काठ, आणि तो काठ घट्ट धरून ठेवणारी एक इवलीशी मूठ.

यशोधराचा हात थांबला. एका पानाचं टोक जरासं वाकडं होतं. लोखंडी कॉटच्या कडेला अडकून काठ उसवला होता, तेव्हा तिनं स्वतः रफू करून ते पान पुरं केलं होतं. ही तिचीच साडी. पायलच्या नामकरणाला नेसलेली. बाळ तिच्या मांडीवर होतं आणि त्यानं पदर काही केल्या सोडला नव्हता. मूळ फोटोत तिचा चेहरा होता. इथं तो कापलेला होता.

हळूहळू सगळं उलगडलं. हा फोटो तिनं शोधलेला नव्हता. मनालीनं शोधला होता. बूटही मनालीचे, केकही. पायलला लग्नात अशीच साडी हवी होती. आणि मनाली ती साडी जगभर शोधत होती, पण यशोधराला विचारत नव्हती.

इतका आनंद तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

ती रोज दुपारी भांडी झाली की पदराला हात पुसून बसू लागली. मनाली लंच टाइमला शोधत असणार. रांगेत नवे नवे चौकोन येत, त्याच काठाचे, कधी जवळून, कधी उजळ करून. यशोधरा प्रत्येकावर बोट टेकवी आणि मनालीला काय सापडलं ते बघे. फोनला पिंपळाचं पान म्हणजे पत्त्यातला बदाम वाटत होता. बदामांच्या साड्या येत. बदामांच्या चादरी, बदामांची झबली, प्रेमवीरांच्या उशा. मग मनालीनं शब्दही टाकून बघितले, तेही खाली उमटले. पांढरी साडी निळा काठ बोधीपान. त्यावर आल्या शाळेच्या युनिफॉर्मच्या साड्या. यशोधरा एकटीच हसली.

"काय लागलंय हाती?" राजरत्ननं जेवताना विचारलं. "आजकाल फार खुशीत असतेस."

"काही नाही. लोकांना सापडत नाही, त्याचं हसू येतं."

"कुणाला? काय?"

"भात घ्या."

साडी तिच्या कपाटात होती, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. एक फोन केला असता तर काम झालं असतं. तिनं केला नाही. लग्न जवळ येत चाललं तरी केला नाही. पायलचं काय होईल, हा विचार मनात आला की ती त्याला म्हणे, विचारू दे ना. मी कुठं पळून गेलेय?

मग एका दुपारी ती रांग उगाचच मागं सरकवत गेली. मागं पडदा आला. चपलांचं कपाट. दोरीवरचा ब्लाउज. आणि मनालीचा अर्धा कान.

मनालीचं इथं दिसतं, तर माझं तिकडं?

तिनं घाईघाईनं पुसायला बघितलं. पुसता येईना. फोन बंद करून डब्यामागं ठेवला, जणू तिथं ठेवल्यानं तो मुका होणार होता. गेले कित्येक दिवस आपला कान, आपला ब्लाउज, आपलं कपाट बघत ती पोरगी गप्प बसली होती. चहा देत होती. "ताई, लोणचं मस्त झालंय," म्हणत होती.

शनिवारी मनाली आली. एकटीच. जनाबाई दिवाणावर बसून शेंगा सोलत होत्या. यशोधरानं पाणी दिलं, पण नजर दिली नाही.

"ताई, एक विचारायचं होतं," मनाली म्हणाली.

विचारायचं! या शब्दासाठी यशोधरा वर्षभर उपाशी होती. आणि आता तो ताटात आला तर घशाखाली उतरेना.

"विचार."

मनालीनं फोन पुढं केला. सगळा फोटो, न कापलेला. तरुण यशोधरा, मांडीवर पायल. "ही साडी कुठून घेतली होती?"

"दाखव बघू," यशोधरानं फोन हातात घेतला, फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. तिला घाई नव्हती. "अच्छा, ही होय. ही कुणाला हवीय?"

"पायलला. तिला हीच हवीय. ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती, मोठ्या मामीला विचारू का. मीच म्हटलं, नको, मी शोधते."

"का गं?"

मनालीनं जनाबाईंकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "घरात काहीही झालं की सगळे म्हणतात, यशोधरानं असं केलं असतं, यशोधरानं तसं आणलं असतं. पायलच्या तोंडात मोठी मामी, आईंच्या तोंडात मोठी सून. म्हटलं, एक तरी वस्तू मी तुमच्याआधी आणीन."

यशोधरा तिच्याकडं बघत राहिली. आपला हेवा कुणाला वाटतो, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ऐकायला ते एवढं गोड लागलं की तिनं ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"दुकान बंद झालं," ती म्हणाली. "कॅम्प टूला, कोपऱ्यावर. तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात. तसली साडी नाही मिळणार. शोधून उपयोग नाही."

मनालीचा चेहरा उतरला. "मग पायलला काय सांगू? मला नाही सापडली?"

यशोधरा उठली. कपाट उघडलं, धोतराचं गाठोडं काढून दिवाणावर ठेवलं. साडी आता पांढरीशुभ्र राहिली नव्हती, सायीच्या रंगाची झाली होती. द्यायला जीव होत नव्हता. पण ही साडी पायलच्या अंगावर चढली, तर ती मनालीनं शोधली असं कुणालाही कधी म्हणता येणार नव्हतं.

"सांग, सापडली. मोठीच्या कपाटात सापडली," ती म्हणाली. "आणि कुळगावला मीच घेऊन जाणार. तू नाही."

"पिवळी पडलीय ना गं," जनाबाई म्हणाल्या.

"तो रंग फोटोत छान येतो, आई," मनाली म्हणाली. मग साडीची घडी नीट करताना, सासूला ऐकू जाणार नाही अशा बेतानं पुटपुटली, "हॉलचा पडदा कॅम्प टूचाच आहे, ताई. तुमच्या त्या कोपऱ्याच्या पुढच्या गल्लीतला."

यशोधराचे कान तापले. ती चहा टाकायला आत गेली. आत जाऊन गॅस पेटवायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

लग्न कुळगावच्या हॉलमध्ये झालं. बुद्धवंदना झाली, फुलं पडली. पायल सायीच्या रंगाच्या साडीत उभी होती आणि बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, "काठ बघ, काठ. कुठून आणली?" पायल प्रत्येकीला सांगत होती, "मोठ्या मामीची आहे." यशोधरानं हे निरनिराळ्या जागी उभं राहून ऐकलं, एकदा स्टेजशेजारून, एकदा जेवणाच्या रांगेतून.

पण निऱ्या मनालीनं घातल्या होत्या. अशा, की काठाचं एकेक पान सुटं दिसत होतं. वाकडं पान तिनं आतल्या घडीत घेतलं होतं. यशोधराला ते कधी सुचलं नसतं.

जेवायला दोघी शेजारी बसल्या. मनालीच्या कानात तेच कानातलं होतं. यशोधराचा हात पर्सकडं गेला, फोनला लागला आणि मागं आला. तिनं वरणभात कालवला. एक घास घेतला. मग समोर बघतच विचारलं, "मनाली, हे कानातलं कुठून घेतलंस गं?"

मनालीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. वाढपी जिलेबी घेऊन आला होता, तिनं त्याला हातानं थांबवलं.

"का, ताई? अजून नाही सापडलं?"