म्हैसमाळच्या निळ्या डोंगरांना राख पुरली

यंदा म्हैसमाळला निळा रंग विकत घेऊन येणार नाही, असं मी बसस्टँडवरच सांगून टाकलं. आमच्या भजनी मंडळाची ही आश्विनातली सहल. वर गिरिजा मातेसमोर रांगोळी काढायची सेवा माझी. मंडळाच्या प्रमुख शकुंतलाबाई भडकल्या. "डोंगर काढायचे आन् निळा नाय? लई झाली काटकसर, कमलबाई. जमत नसंल तर पुढच्या सालापासून रांगोळी दुसरीला देते."

"देऊन बघा!" मी ठणकावलं. माझ्या पिशवीत पांढरी रांगोळी, गेरू, हळद, वाळलेल्या पाल्याचा चुरा आणि चाळलेली चुलीची राख, एवढंच.

जाणाऱ्यांसाठी सांगते. खुलताबादपर्यंत एसटी, बायकांना अर्धं तिकीट. पुढं जीप, पण भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून घोळक्यानं जावं. दौलताबादची सीताफळं घासाघीस करूनच घ्यावीत. भाकरी-ठेचा घरचा, वर फक्त चहा विकतचा.

बसमध्ये शेजारी पल्लवी, माझ्या भावाची मुलगी. दृष्टीबद्दलचं काही शिकते. ती म्हणाली, "आत्या, बाहेर बघ. माती, गवत, दगड, कुठलाही ठिपका बहुतेक शेजारच्यासारखाच. मग डोळा प्रत्येक ठिपक्याचा रंग मेंदूला कळवत बसत नाही. उजेड का अंधार, लालसर का हिरवट, निळसर का पिवळट, शेजाऱ्याहून फरक किती, तेवढंच मुख्य कळवतो. थोडक्यात भागवतो."

"व्हय की! मीपण घरखर्चात तेच करते. नेहमीचं तोंडपाठ, वाढलं-घटलं तेवढंच बघायचं." देवानं डोळासुद्धा काटकसरी केलाय म्हटल्यावर मला बळ आलं.

म्हैसमाळला वारा मोकाट. कड्यावरून लांबचे डोंगर डोळे भरून बघितले, देवीचं दर्शन घेतलं आणि फरशीवर बसले. खाली पाल्याचं गवत, वर राखेचे डोंगर. पण ते डोंगर कसले? सांडलेली राखच ती. शकुंतलाबाई हसल्या, "देवीला चूल दाखवता का?" आणि प्रदक्षिणेला निघून गेल्या.

हात थांबला. मग पल्लवीचं बोलणं आठवलं. राखेच्या शेजारी फरकच नव्हता, डोळा कळवणार काय? मी हळदीत गेरू कालवला आणि डोंगरांमागं मावळतीचं आभाळ भरलं, अगदी कडेला भिडवून. राखेला हात लावला नाही.

शकुंतलाबाई परतल्या. "आणलाच की निळा! उगी नखरे!"

मी डोंगरातली चिमूट उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी चोळली. करडी राख. पिवळट आभाळाशेजारी तीच निळसर दिसत होती.

"ही तर फसवणूक झाली. देवीच्या दारात!"

"ज्या डोळ्यांना निळं दिसलं, ते तिनंच दिलेत. तिला विचारा." बायका खुदखुदल्या. आईपुढं मी माथा टेकला, शकुंतलाबाईंपुढं नाही.

घरी पोचले तेव्हा अंगात थकवा होता आणि जीव तृप्त. यजमानांना सांगितलं, निळाई विकतच मिळते हा माझा समज तिथंच गळून पडला. तेवढ्यात मंडळाच्या ग्रुपवर शकुंतलाबाईंचा हुकूम आला: "पुढच्या साली रांगोळी कमलबाईच काढतील. पण निळा रंग आणावाच लागेल."

मी उत्तर टाकलं, "येईन. राख घेऊन."