दातात धरलेला दोरा

दोऱ्याचं एक टोक दातात, उरलेला दोरा दोन्ही हातांच्या बोटांत गुंतवलेला आणि समोर खुर्चीत डोळे मिटून बसलेली कुणीतरी बाई. त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं की दोरा न सोडता, दातांतूनच वैनी म्हणायच्या, "काही न्हाई झालं."

ज्यांनी कधी आयब्रो करून घेतले आहेत त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. पुरुष वाचकांनी मिशीचे चार केस चिमटीत धरून उपटून बघावेत आणि मगच पुढे वाचावं. कपाळाची कातडी आपण आपल्याच बोटांनी ताणून धरायची, समोरच्या बाईनं मानेला झटके देत एकेक केस मुळापासून काढायचा, आणि वर तिनंच सांगायचं की काही झालं नाही. या एका वाक्यावरून मी त्यांच्याशी कितीदा भांडले असेन.

"वैनी, दुखतंय कुणाला? मला की तुम्हाला?"

त्या शांतपणे पावडर लावायच्या. "दुसरी भुवई ताणा म्याडम."

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला लागून जी आमची गल्ली आहे, तिथं घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं पार्लर होतं. माहेर टेंभुर्णीचं. नवरा लवकर गेला, आणि या पार्लरवर त्यांनी मुलीला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं. सगळी गल्ली त्यांना वैनीच म्हणायची. बोर्डावरसुद्धा मुलीचं नाव होतं, त्यांचं नव्हतं.

काही न्हाई झालं, हे त्यांचं औषध सगळ्या दुखण्यांवर चालायचं. लग्नाच्या सकाळी लाईट गेली आणि अर्ध्या मेकपची नवरी रडायला लागली, तरी तेच. मी स्कूटीवरून पडले तेव्हा गुडघ्यावर पाणी ओतत तेच. मला तर वाटायचं, या बाईला दुखणं म्हणजे काय हे माहीतच नसावं.

मग एका संकष्टीला आम्ही राजूरच्या गणपतीला गेलो. गाडी आमची, चालवायला माझा नवरा. मागं बसलं की वैनींना मळमळायचं, म्हणून त्या पुढं आणि मी मागं. दर्शन घेऊन परत येताना गतिरोधक आला म्हणून नवऱ्यानं गाडी हळू केली. नेमक्या त्या वेळी वैनी मान वळवून मला प्रसादाचा पेढा देत होत्या. मागून एका मोठ्या गाडीनं धाडकन धडक दिली. पेढा जाऊन काचेवर चिकटला.

मी उतरले ती पदर खोचूनच. माझा आवाज शाळेत दुसऱ्या मजल्यापर्यंत जातो, इथं तर उघडा रस्ता होता. त्या गाडीवाल्याच्या हातात अजून मोबाईल होता. तो नुसता "चुकलं ताई, चुकलं" म्हणत होता. तेवढ्यात मानेवर हात ठेवून वैनी खाली उतरल्या आणि मलाच दटावायला लागल्या.

"जाऊ द्या म्याडम. काही न्हाई झालं. माणूस घाबरून गेलाय बिचारा."

त्यांनी त्याला पेढा दिला. वर टपरीवर नेऊन चहा पाजला. आमच्या डिकीचं पार चिपाड झालेलं आणि या बाई त्याला गावाचं नाव विचारतायत. मी रागानं चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उशीवरून डोकं उचलता येईना. डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला. हाड कुठं मोडलेलं नव्हतं. पण झटक्यानं मानेचे स्नायू दुखावले आहेत, पट्टा घाला, काम बंद ठेवा, असं त्यांनी बजावलं.

दोन्ही हात धडधाकट, मग आयब्रो करायला काय झालं, असं कुणालाही वाटेल. पण दोरा ओढते ती मान. हात नुसते दिशा देतात. थोडं बरं वाटल्यावर त्यांनी हट्टानं पट्टा काढला आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून मला बसवलं. दोन झटक्यांत त्यांचा चेहरा पांढरा पडला, तरी त्यांनी काम पुरं केलं. दुसऱ्या दिवशी शाळेत हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, सकाळपासून बघतोय, माझ्यावर कसला संशय आहे का?" माझी एक भुवई कपाळात चढली होती.

शाळेतून परतताना पार्लरमध्ये शिरून मी हे हसत हसत वैनींना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. आरशात माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "हात बराबर चालून राह्यला म्याडम. मानच येईना." आणि त्या रडायला लागल्या. त्या दिवशी मात्र काही न्हाई झालं असं त्या म्हणाल्या नाहीत. मला ते फार लागलं.

त्या गाडीवाल्यावर आणि त्याच्या विमा कंपनीवर भरपाईचा दावा लावायचा हट्ट माझा. त्यांना कोर्टाची भीती वाटत होती. लग्नसराई हातची गेली, नवऱ्या दुसऱ्या पार्लरला जायला लागल्या, तरी त्या गप्प. पण गल्लीत कुणीतरी बोललं, "पट्टा घातला की पैसे भेटतात म्हणे," आणि ते त्यांच्या कानावर गेलं. त्या तडक माझ्याकडे आल्या.

"चला वकिलाकडं. पैसे न्हाई भेटले तरी चालतील. पण मी खोटं दुखणं घेऊन बसले, असं कुणी म्हणायला नको."

मग जालन्याच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. गाडी चालवणारा म्हणून माझ्या नवऱ्याची साक्ष होती. माझं नाव आमच्या वकिलांनी घातलंच नाही. माझा स्वभाव त्यांनी पहिल्या भेटीतच ओळखला असणार. वैनींच्या उलटतपासणीच्या दिवशी मी मागच्या बाकावर तोंड मिटून बसले होते.

विमा कंपनीचे वकील भारी गोड बोलणारे निघाले.

"बाई, धडक बसली त्या जागी तुम्ही 'काही नाही झालं' असं म्हणालात?"

"म्हणाले."

"गाडीवाल्याला चहा पाजलात?"

"पाजला."

"प्रसादसुद्धा दिलात?"

"दिला. देवाचा हाय, त्याला न्हाई कसं म्हणायचं?"

"फोटोत हाड मोडलेलं नाही. तुम्ही स्वतः म्हणता काही झालं नाही. मग झालं तरी काय?"

आमचे वकील कागद चाळायला लागले. झालं, म्हटलं, पेढ्यानं घात केला. वैनी न्यायाधीशांकडे वळल्या. मान वळेना म्हणून अख्ख्या वळल्या.

"साहेब, माझं पार्लर हाय. पोरी येत्यात, मी आयब्रो करते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. तरी मी म्हणते, काही न्हाई झालं. रोज म्हणते. म्हणून त्यांना दुखत न्हाई का? दुखतंच की."

टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. त्यांनी नकळत आपल्या भुवईवर बोट फिरवलं. आणि मी, एवढी शपथ घेऊन गप्प बसलेली, बाकावरून उठून बोलून गेले, "दुखतं हो साहेब, फार दुखतं." न्यायाधीशांनी मला खाली बसवलं. हसू त्यांनाही आवरत नव्हतं. मग ते गंभीर झाले.

"म्हणजे बाई, त्या दिवशी तुम्ही खोटं बोललात?"

"जी साहेब. पोरींना खोटं बोलत आले, त्या दिवशी माझं मलाच खोटं बोलले. माझा मालक गेल्ता तवा भेटायला येणाऱ्यांना बी मी हेच सांगितल्तं. सवय हाय. पण आता दुखतंय ते खरं हाय."

कंपनीचे वकील खाली बसले.

निकाल लागला त्या दिवशी आमचे वकील व्हरांड्यात कागद घेऊन आले आणि रकमेपासून वाचायला लागले. वैनींनी त्यांना अडवलं. "ते मंग वाचा. माझं दुखणं मानलं का, ते आधी सांगा." वकिलांनी पान उलटलं. चूक सगळी मागच्या गाडीची होती, बाईंची वेदना खरी आहे आणि तिच्यामुळे त्यांचं काम गेलं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. वैनींनी ते पुन्हा वाचायला लावलं. नंतर मलाही वाचायला लावलं, माझ्या दुसऱ्या मजल्याच्या आवाजात. मी वाचलं. आजूबाजूचे पक्षकार माना वळवून बघत होते, बघू देत. एवढा आनंद मला माझ्या नोकरीच्या ऑर्डरचासुद्धा झाला नव्हता.

तेवढ्यात कंपनीचे वकील समोरून आले. वैनींनी पिशवीतून पेढा काढून त्यांच्या हातावर ठेवला. पेढे घरूनच आणले होते, म्हणजे बाईंना खात्री होती. वकिलांनी पेढा घेतला आणि ओशाळून विचारलं, "आता मान कशी आहे?"

"काही न्हाई..." म्हणता म्हणता वैनी थांबल्या. मग मोकळं हसून म्हणाल्या, "दुखती. लई दुखती."

गल्लीत पेढे वाटताना पहिला पेढा त्यांनी पट्ट्याबद्दल बोलणाऱ्याच्या घरी नेऊन दिला. निकालाची झेरॉक्सही सोबत होतीच.

उपचारांनी मान हळूहळू सुटली. पार्लरला वरखाली होणारी उंच खुर्ची आली, म्हणजे वाकायला नको. पूर्वीइतकी नाही, पण गिऱ्हाइकं पुन्हा यायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं की त्या दोरा दातांतून काढायच्या आणि विचारायच्या, "दुखलं का?" मी हो म्हणेपर्यंत पुढचा केस काढायच्या नाहीत. आयब्रोला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागायचा. मी त्यावरूनही भांडले.

आता त्या मुलीकडे संभाजीनगरला असतात. तिथलं पार्लर मोठं आहे, आणि बोर्डावर दोघींची नावं आहेत. इथल्या खोलीला कुलूप आहे. मला दुसरं पार्लर शोधावं लागलं. तिथली मुलगी हाताची चपळ आहे. परवा तिनं दोरा ओढला, माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ती दातांतून म्हणाली, "काही नाही झालं मॅडम."

मी कपाळावरचा हात काढला. "झालं," म्हटलं. "थांब जरा."

ती दोरा हातात धरून थांबली.