दादाकडचा उजेड

माझा मोठा भाऊ नॉर्वेत राहायचा. अगदी वरच्या टोकाला, एका बंदराच्या गावात. वेल्डिंग शिकून तो आधी मुंबईच्या गोदीत लागला, मग एका जहाजावर. ते जहाज दुरुस्तीसाठी तिकडं थांबलं आणि तिथल्याच गोदीत त्याला काम मिळालं. ही नव्वद सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. येडगावच्या घरात आम्ही तिघं उरलो, आबा, आई आणि मी. मी वारूळवाडीला शाळेत शिकवत होते. लग्न झालं नव्हतं, पुढंही झालं नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दर रविवारी आई आणि मी एसटीनं नारायणगावला जायचो. तिथं ओळखीच्या एका एसटीडी बूथवर दादाचा फोन यायचा. पहिल्या हिवाळ्यात एकदा तो आईला म्हणाला, "आई, इथं आभाळात हिरवा उजेड नाचतो."

"वणवा लागलाय का?" आईनं विचारलं. आमच्याकडं उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगर पेटायचे, तेच तिच्या डोळ्यांपुढं आलं.

"न्हाई गं. वर, पार आभाळात. आवाज न्हाई, धग न्हाई."

"मग काय उपेगाचा," आई म्हणाली. "तू जेवतोस का नीट?"

मी शाळेत भूगोल शिकवायचे. ध्रुवप्रकाशावर पुस्तकात चारच ओळी होत्या. दादाशी बोलणं झाल्यापासून मी पोरांना त्यात भर घालून सांगायला लागले. उन्हाळ्यात तिकडं रात्रच होत नाही, म्हणून सप्टेंबर ते मार्च हेच दिवस. आभाळ मोकळं हवं, चांदणं कमी हवं, गावाचे दिवे मागं टाकून लांब जायला हवं. पोरं डोळे मोठे करून ऐकायची. आपण स्वतः पाहिलं असल्यासारखी मी सांगत होते.

त्यानंतरच्या एका वर्षी, ऐन थंडीच्या सुरुवातीला, आबा कांद्याच्या रानात बसले ते उठलेच नाहीत. सकाळची वेळ होती. चुलतभावानं नारायणगावला जाऊन दादाच्या गोदीत फोन लावला. दादा येईपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. मुंबईपर्यंत पोचायलाच त्याला दोन दिवस लागले असते. दिवस मावळायच्या आत चुलतभावानंच अग्नी दिला.

रविवारी दादाचा फोन आला. मला वाटलं होतं, आई रडेल, त्याला बोल लावेल. तिनं रिसीव्हर कानाला लावला आणि विचारलं, "जेवलास का?" मग आईनं रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि ती बाहेर बाकड्यावर जाऊन बसली.

पुढं घरात फोन आला, नारायणगावच्या खेपा थांबल्या. दादा म्हणायचा, "एकदा या दोघी. मी दाखवतो सगळं." आई म्हणायची, "मला कुठं नेतोस, तूच ये." तो एकदा आला, मे महिन्यात. अंगणात खुर्ची टाकून बसायचा. कुणी "पावणं, कधी आलात?" म्हटलं की कसंनुसं हसायचा. जन्मगावात त्याला पावणं म्हणत होते. संध्याकाळी तो एकटाच गावच्या धरणाच्या भिंतीवर जाऊन उभा राहायचा. एकदा मी मागून गेले तर ओतूरकडच्या डोंगरांकडं बघत होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि अंधार पडल्यावर दोघं घरी आलो. मनातलं बोलणं आम्हा दोघांना कधी जमलंच नाही.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास आईही गेली. दादा दहाव्याला पोचला. निघताना म्हणाला, "आता तुला कोण अडवतंय? ये."

मी पासपोर्ट काढला. बिनपगारी रजा घेतली. फेब्रुवारीत तीन विमानं बदलून त्याच्या गावात उतरले तेव्हा तो मोठा कोट हातात घेऊन उभा होता. तो कोट त्यानं माझ्या अंगावर चढवला आणि लहानपणी शाळेला सोडताना लावायचा तशी गळ्यापर्यंत बटणं लावली.

त्याची खोली एका माणसाची होती. एक ताट, एक खुर्ची. माझ्यासाठी त्यानं शेजाऱ्याकडून दुसरी खुर्ची आणली होती. तो कामावर गेला की मी खिडकीत बसायचे. बाहेर बर्फ, आणि लांब कुणीतरी कुत्रं फिरवणारं. दिवसभर कुणाशी बोलायला नाही. आपल्या माणसानं इथं इतकी वर्षं कशी काढली असतील, हे मला तिथं बसल्यावर कळलं.

पहिल्या काही संध्याकाळी आभाळ भरलेलंच होतं. मग एक दिवस वारा सुटला, ढग फाटले, आणि जेवण लवकर उरकून दादानं गाडी काढली. गाव मागं पडलं. एका गोठलेल्या तळ्याच्या काठाला त्यानं दिवे बंद केले आणि आम्ही उतरलो.

"ते बघ," तो म्हणाला.

मला नुसता पांढुरका पट्टा दिसत होता. "ढग आहे तो," मी म्हणाले.

"थांब जरा. डोळ्यांना सवय होऊ दे."

तो पट्टा हळूहळू हिरवा झाला. मग वाऱ्यावर वाळत घातलेल्या लुगड्यासारखा हलायला लागला, डोक्यावरून पलीकडं गेला, खालची कड क्षणभर गुलाबी झाली. कुठं काही आवाज नाही. मी दादाचा हात धरला.

"आबा गेले त्या दिवशी मी इथंच आलो व्हतो," तो म्हणाला. "फोन आला, मग मी काम टाकून चालत सुटलो. इथं दुपारीच अंधार पडतो त्या दिवसांत. तुमी आबांना पोचवून घरी आला असाल तेव्हा. आन् वर हे असं. लई राग आला मला. त्याआधी मी दर हिवाळ्यात बघायला यायचो. त्या दिवसानंतर न्हाई आलो. आज तुझ्यासाठी आलो."

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"फोनवर? आईला?" तो म्हणाला. "आबा जळत असताना मी आभाळात उजेड बघत व्हतो, असं सांगू?"

मग तो रडला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी त्याला जवळ घेतलं, पण अंगावर इतके जाड कपडे होते की त्याचा खांदा हाताला लागेना. आई त्याच्यावर कधी रागावली नव्हती, एवढंच मी सांगितलं. ते खरंच होतं. वरचा उजेड मावळला तरी आम्ही बराच वेळ तिथंच थांबलो.

निघायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "राहा की इथंच." मी म्हणाले, "तू चल की." दोघंही हसलो. तो तिथं राहिला, मी येडगावला आले.

महिनाभर बंद असलेल्या घराला कुबट वास येत होता. शेजारच्या काकी भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या.

"दिसला का गं त्यो उजेड?"

"दिसला."

"कसा व्हता?"

मला नीट सांगता येईना. "दादा बरा आहे," मी म्हणाले. काकींनी मान हलवली, ताट ठेवलं आणि गेल्या. मी दारं-खिडक्या उघडल्या, हात धुतले आणि जेवायला बसले.